बिली पॉल गेला... 'मी अँड मिसेस जोन्स' आणि त्यापलीकडचं

जुनी_तबकडी | २७ एप्रिल २०१६, रात्री १०:४२

रविवारी, २४ एप्रिलला अमेरिकन सोल गायक बिली पॉल गेला. न्यू जर्सीतल्या ब्लॅकवुडमध्ये, राहत्या घरी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने. वय ८१. तीनच दिवस आधी पॉपस्टार प्रिन्स गेला होता. सगळी वर्तमानपत्रं आणि वाहिन्या त्या बातमीने भरलेल्या होत्या, त्यामुळे ही बातमी बहुतेकांपर्यंत पोचलीच नाही. मलाही काल समजली. इथे पाश्चात्त्य संगीताचे धागे निघतात, तेव्हा सोल संगीतावर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या त्या भावपूर्ण संगीतावर, प्रेम करणारी माणसं इथे आहेत हे ठाऊक आहे. म्हणून हा धागा.

'मी अँड मिसेस जोन्स' ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी आधी ते ऐकावं, मग पुढचं वाचावं. पावणेपाच मिनिटांचं गाणं आहे. एक पुरुष आणि एक विवाहित बाई रोज साडेसहाला ठरलेल्या कॅफेत भेटतात, हातात हात घेऊन बसतात, ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) आवडतं गाणं लागतं. आपण करतोय ते चुकीचं आहे हे दोघांनाही कळतं. मग ती तिच्या वाटेने जाते, तो त्याच्या. उद्या परत तीच जागा, तीच वेळ. गोष्ट एवढीच. १९७२ च्या डिसेंबरात हे गाणं अमेरिकेत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यासाठी बिली पॉलला ग्रॅमी मिळालं आणि त्या वर्षी स्पर्धेत रे चार्ल्स आणि कर्टिस मेफील्ड होते.

त्यानंतर त्याच्या नावापुढे 'वन हिट वंडर' हे बिरुद जे चिकटलं ते मृत्युलेखातही सुटलेलं नाही. त्याचा मला त्रास होतो. ते गाणं गाजलं तेव्हा हा माणूस ३८ वर्षांचा होता आणि त्याची पहिली रेकॉर्ड निघून वीस वर्षं झाली होती! १९५२ मध्ये ज्युबिली या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याकडून गाऊन घेतलं, तेव्हा तो अजून अठराचाही नव्हता. मूळ नाव पॉल विल्यम्स. उत्तर फिलाडेल्फियात जन्म. घरी आईच्या ७८ च्या तबकड्या, त्यांत बिली हॉलिडे, नॅट किंग कोल. आपला आवाज वरच्या पट्टीतला, त्यामुळे पुरुष गायकांपेक्षा बायकांची गाणी ऐकून शिकलो, असं तो मुलाखतींत सांगायचा. हॉलिडे, सारा व्हॉन, कार्मेन मॅक्रे, नीना सिमोन. हे समजल्यावर ते गाणं परत ऐकून बघा. 'मिसेस जोन्स' हे नाव तो पुन्हा पुन्हा घेतो, पण दर वेळी तालाच्या किंचित मागे राहून आणि दर वेळी वेगळ्या वजनाने. एकदा कुजबुजल्यासारखं, एकदा थेट आर्त हाक. ही जॅझ गायकाची तालीम आहे. सोलचा दुसरा एखादा खणखणीत गायक असता तर त्याने ते नाव पहिल्याच फेरीत ओरडून संपवलं असतं.

तुमच्या आठवणी, आवडती गाणी, जे असेल ते लिहा.

---

सांजवारा | २७ एप्रिल, रात्री ११:०५

अरेरे. श्रद्धांजली. मला खरंच माहीत नव्हतं. लेखाबद्दल धन्यवाद.

मी हे गाणं आधी मायकल बुब्ले याच्या आवाजात ऐकलं, २००७ च्या त्याच्या अल्बममध्ये. आवडलंही होतं. मग कोणीतरी म्हणालं की मूळ ऐक. मूळ ऐकल्यावर बुब्लेचं परत लावावंसं वाटलं नाही. बुब्ले छान गातो, पण त्याच्या गाण्यात त्या माणसाला उद्याची काळजी आहे असं वाटत नाही.

---

मांडवीकाठ | २८ एप्रिल, सकाळी ७:३०

देव त्याच्या आत्म्याला शांती देवो.

आमचे एक काका सत्तरच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवत. गोव्याचे कितीतरी वादक तेव्हा तिथेच होते. हे गाणं त्यांच्या बँडच्या यादीत कायम असे, आणि रात्र बरीच झाली, जोडपी नाचायला उरली की ते घ्यायचे. काकांनी मला एक गोष्ट दाखवली होती, ती इथे सांगतो. गाण्याच्या सुरुवातीला सॅक्सोफोनची जी ओळ येते तिचे पहिले काही सूर नीट ऐका. ते 'सीक्रेट लव्ह' या जुन्या गाण्याचे सूर आहेत, डोरिस डेचं, १९५३ च्या 'कॅलॅमिटी जेन' चित्रपटातलं. म्हणजे गायकाने तोंड उघडण्याआधीच सॅक्सोफोनने सांगून टाकलंय की हे चोरून केलेलं प्रेम आहे. त्या काळी ते गाणं सगळ्यांच्या कानात असणार, त्यामुळे अमेरिकन ऐकणाऱ्याला इशारा लगेच कळला असेल. काका ती ओळ वाजवताना शेवटचा सूर जरा जास्तच लांबवायचे आणि ड्रमरकडे बघायचे. ड्रमर थांबून राहायचा. मग गाणं सुरू.

---

जुनी_तबकडी | २८ एप्रिल, सकाळी ९:१२

मांडवीकाठ, वा! हे इतक्या नेमकेपणाने कोणी सांगितलं नव्हतं. आता ती ओळ पुन्हा पुन्हा ऐकतोय. काकांना नमस्कार सांगा.

---

साधा_माणूस | २८ एप्रिल, दुपारी १:४०

गायकाबद्दल आदर आहे, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही. पण गाण्याचा विषय मला पटत नाही आणि ते मी इथे लिहिणार. विवाहबाह्य संबंधांवर इतकं गोड गाणं करायचं, व्हायोलिनं वाजवायची, आणि ऐकणाऱ्याने त्या दोघांसाठी हळहळायचं. त्या बाईच्या नवऱ्याचं काय? गाण्यात तो कुठेच नाही. संगीत गोड आहे म्हणून सगळं माफ होत नाही.

---

वारणेची_लेक | २८ एप्रिल, दुपारी २:२५

साधा_माणूस दादा, तुमचा मुद्दा समजतो. पण मला हे गाणं कधीच त्या संबंधाची तरफदारी करणारं वाटलं नाही. दोघं सुखी आहेत असं गाण्यात कुठे आहे? रोज साडेसहाला भेटायचं, घड्याळाकडे बघायचं, निरोपाच्या वेळी जीव तुटायचा, आणि जायचं कुठे, तर आपापल्या घरी. त्यांना त्यातून बाहेर पडताही येत नाही आणि पुढेही जाता येत नाही. आमच्या ओळखीत असं एक नातं मी अगदी जवळून पाहिलंय. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे होतं ते या आवाजात आहे. तिला ना कोणी समजावू शकलं, ना ती कुणाला काही सांगू शकली.

नवरा गाण्यात नाही हे बरोबर. पण 'आपल्याला जपून राहायला हवं, फार आशा धरायची नाही' असं तो म्हणतो, तेव्हा तो नवरा तिथेच असतो असं मला वाटतं.

---

फिलीकर | २८ एप्रिल, संध्याकाळी ७:५० (इथे सकाळ)

मी दक्षिण जर्सीत राहतो, ब्लॅकवुड इथून जवळच. इथल्या रेडिओवर मात्र बिली पॉल चांगलाच वाजला. प्रिन्सच्या गाण्यांच्या मध्ये मध्ये त्याची लावत होते. आणि एकच गाणं नव्हे बरं का, 'वॉर ऑफ द गॉड्स'सुद्धा ऐकू आलं. फिलाडेल्फियाने त्याला आपला माणूस मानलं ते शेवटपर्यंत.

गाण्याच्या जन्माची हकीकत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ ही गीतकार-निर्मात्यांची जोडी. दोघांनी १९७१ मध्ये फिलाडेल्फिया इंटरनॅशनल रेकॉर्ड्स काढली. ब्रॉड स्ट्रीटवर त्यांचं ऑफिस होतं आणि इमारतीत खाली एक बार. तिथे एक गृहस्थ रोज यायचा, थोड्या वेळाने एक बाई यायची, दोघं ठरलेल्या जागी बसायची, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायची. रोज! गॅम्बल-हफनी ते पाहून पाहून गाणं रचलं, त्यांच्यासोबत कॅरी गिल्बर्ट होता. कंपनीचं पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे पहिलंच गाणं. 'लव्ह ट्रेन' वगैरे त्यानंतर.

ध्वनिमुद्रण सिग्मा साउंडमध्ये, नॉर्थ ट्वेल्थ स्ट्रीट. जो टार्सिया यांचा स्टुडिओ. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी १९७४ मध्ये 'यंग अमेरिकन्स' हा अल्बम करायला तिथेच आला होता, आणि त्याचे चाहते बाहेर रस्त्यावर मुक्काम ठोकून बसले होते. स्टुडिओ बंद पडलाय, पण गेल्या वर्षी दारासमोर राज्य सरकारचा ऐतिहासिक स्थळाचा फलक लागला. ब्रॉड स्ट्रीटवर गॅम्बल-हफनी नंतर मुख्यालय केलं त्या इमारतीचं नशीब मात्र तेवढं नव्हतं. २०१० मध्ये तिथे आग लागली आणि पुढे इमारत पाडली. मी तिथून जातो तेव्हा चीड येते. ज्या शहराच्या नावाने संगीताचा एक अख्खा बाज ओळखला जातो त्या शहराला ती एक इमारत राखता आली नाही.

---

शब्दखूळ | २८ एप्रिल, रात्री ९:०२

वाचतोय. फिलीकर, अजून लिहा.

एक विचारायचंय. इतकं मोठं गाणं दिल्यावर पुढे काय झालं? दुसरं गाणं का चाललं नाही? आवाज तोच, कंपनी तीच, वादक तेच.

---

जुनी_तबकडी | २८ एप्रिल, रात्री ११:३४

शब्दखूळ, याच प्रश्नासाठी मी धागा काढला असं म्हणायला हरकत नाही.

'मी अँड मिसेस जोन्स'नंतर सगळ्यांची अपेक्षा होती की तसंच एखादं मंद, मखमली प्रेमगीत येईल. 'थ्री सिक्स्टी डिग्रीज ऑफ बिली पॉल' या त्याच अल्बममध्ये तशी गाणी होतीही. एल्टन जॉनचं 'युअर साँग' त्याने असं काही गायलंय की मूळ चाल ओळखू येते पण गाणं दुसऱ्याच कुणाचं वाटतं. ते काढता आलं असतं. गॅम्बलने काढलं 'अ‍ॅम आय ब्लॅक इनफ फॉर यू'. मी तुला पुरेसा काळा वाटतो का? ठणठणीत, ठेकेदार फंक संगीत, क्लॅव्हिनेट (विजेवरचं कीबोर्ड) आणि कोंगा (हाताने वाजवायचे ढोल), आणि थेट तोंडावर विचारलेला सवाल. ज्या गोऱ्या श्रोत्यांनी डिसेंबरात मिसेस जोन्सला डोक्यावर घेतलं होतं त्यांच्या रेडिओ केंद्रांनी हे गाणं लावलंच नाही. ७९ क्रमांकापर्यंत पोचलं आणि संपलं. काळ्या श्रोत्यांच्या यादीतही २९ वर थांबलं.

बिली पॉलला हा निर्णय मान्य नव्हता. त्याने तो राग अनेक वर्षं मनात ठेवला आणि मुलाखतींतून बोलूनही दाखवला. गॅम्बलची बाजूही मला कळते. त्याच्यासाठी कंपनी म्हणजे नुसता धंदा नव्हता, आपल्या लोकांना काही सांगायचं साधन होतं. पण सांगायचं गॅम्बलला होतं आणि किंमत मोजली बिली पॉलने. ओ'जेज असोत, हॅरॉल्ड मेल्विन असोत, कंपनीच्या या दुसऱ्या कलाकारांकडे एक गाणं पडलं तर सावरायला पुढचं गाणं तयार असे. याच्या हातात पुढची संधी यायला वर्ष गेलं, आणि तोवर लोक विसरले होते.

आणि तरीही, हे मी मनापासून लिहितोय, ते गाणं ग्रेट आहे. आज ऐका. १९७३ चं वाटत नाही. पुढे पुढे त्याने स्वतःही ते आपलंसं केलं. योरान ह्युगो ओल्सन या स्वीडिश दिग्दर्शकाने २००९ मध्ये त्याच्यावर माहितीपट केला त्याला नाव हेच दिलं. त्यात बिली पॉल आणि पत्नी ब्लांश घरात एकमेकांची चेष्टा करत बसलेले दिसतात, ते बघाच. त्याचा व्यवहार ब्लांशच सांभाळायची. लग्नाला जवळपास पन्नास वर्षं होत आली होती. मिसेस जोन्सचं गाणं गाणाऱ्या माणसाचा संसार असा होता.

---

साधा_माणूस | २९ एप्रिल, सकाळी ८:१५

ही माहिती नवीन आहे. माहितीपट बघतो. गाण्याबद्दलचं मत मात्र कायम आहे.

---

तबला_डग्गा | २९ एप्रिल, सकाळी १०:४८

तबकडी, एक दुरुस्ती सुचवतो, कारण तुमच्याच बाजूने जाणारी आहे. 'वन हिट वंडर' हे आकड्यांच्या हिशेबानेसुद्धा पूर्ण खरं नाही. १९७४ मध्ये 'थँक्स फॉर सेव्हिंग माय लाइफ' पॉप यादीत ३७ पर्यंत गेलं होतं आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या दहात. छान उसळतं गाणं आहे. ड्रमवर कोण आहे ते सांगायला नको, हाय-हॅट (ड्रमबरोबरची पायाने मिटायची झांजांची जोडी) ऐकूनच कळतं. अर्ल यंग. डिस्कोचा जो ताल नंतर जगभर गेला त्याचं मूळ या माणसाच्या हाय-हॅटमध्ये आहे. एमएफएसबी नावाचा हा सिग्मातला वादकवृंद, यंग, बासवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, व्हायब्राफोनवर व्हिन्स मोंटाना. मी तालवाद्य वाजवतो म्हणून सांगतो, 'मिसेस जोन्स'मध्ये वादकांनी जे वाजवलं नाहीये तेही ऐकण्यासारखं आहे. आवाजाला एवढी मोकळी जागा दिलीय, की बिली पॉल श्वास घेतो तोही ऐकू येतो.

---

रेकॉर्डवाला_पुणे | २९ एप्रिल, दुपारी १२:२०

'थ्री सिक्स्टी डिग्रीज ऑफ बिली पॉल'ची एलपी माझ्याकडे आहे, चोरबाजारातली. कव्हरची कड फाटलेली, पण तबकडी ठीक. कुणा बोटीवरच्या माणसाने आणली असावी, मागे बॉलपेनने बंदराचं नाव लिहिलंय, अर्धवट पुसलेलं. असा माल आता मिळत नाही. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकानही या फेब्रुवारीत बंद झालं. तिथे कानाला हेडफोन लावून तासन् तास उभं राहायला कोणी हरकत घेत नसे. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी सोल, जॅझ तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

एलपीबद्दल: 'ब्राउन बेबी' चुकवू नका. ऑस्कर ब्राउन ज्युनिअरची रचना. काळ्या बाळासाठी गायलेलं अंगाईगीत, मोठा झालास की ताठ मानेने चाल म्हणणारं. नीना सिमोननेही गायलंय. बिली पॉलचं थोडं लांबलेलं आहे, पण शेवटी आवाज वर नेतो तिथे माझ्या अंगावर काटा येतो.

---

सांजवारा | २९ एप्रिल, दुपारी १:०५

'ब्राउन बेबी' आत्ता ऐकलं. डोळ्यात पाणी आलं. लेकीला झोपवताना लावणार.

---

फिलीकर | २९ एप्रिल, संध्याकाळी ८:१०

काही तपशील अजून. सैन्यात असताना तो जर्मनीत होता, तेव्हा एल्व्हिस प्रेस्लीही तिथेच. बिंग क्रॉस्बीचा मुलगा गॅरी क्रॉस्बीपण. या लोकांनी बँड काढायचं ठरवलं आणि एल्व्हिसला बोलावलं. एल्व्हिसला गाण्यापासून सुट्टी हवी होती, तो जीप चालवण्यात खूश होता. हा किस्सा बिली पॉलनेच सांगितलेला.

आणि एक कडू गोष्ट. रॉयल्टीसाठी त्याला कोर्टात जावं लागलं. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्याला ५ लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला. गाणं १९७२ चं, निकाल २००३ चा. जगभरच्या रेडिओवर, जाहिरातींत, लग्नांत ते वाजत होतं, आणि ज्याच्या गळ्यातून निघालं तो वकिलांच्या पायऱ्या चढत होता. त्या पिढीतल्या कितीतरी काळ्या कलाकारांच्या वाट्याला हे आलं. त्याला निदान न्याय मिळाला.

---

वारणेची_लेक | २९ एप्रिल, रात्री ९:३०

संताप येतो हे वाचून.

तबकडी दादा, पुढे कोणती गाणी ऐकू? मला फक्त हे एकच माहीत होतं.

---

जुनी_तबकडी | २९ एप्रिल, रात्री ११:५०

वारणेची_लेक, माझा क्रम असा. 'ब्राउन बेबी' आणि 'युअर साँग' एका बैठकीत. मग 'लेट एम इन'. ते पॉल मॅकार्टनीचं गाणं, दारावर कोणीतरी आलंय, त्यांना आत घ्या, एवढंच. मॅकार्टनीच्या गाण्यात बरीचशी घरची माणसं येतात. बिली पॉलने १९७७ मध्ये ते घेतलं आणि दारात उभे केले काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले माल्कम एक्स, मार्टिन लूथर किंग, मेडगर एव्हर्स, आणि जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग. मध्ये भाषणांचे मूळ आवाज आहेत. एका हलक्याफुलक्या गाण्याचं त्याने काय केलंय ते बघा. 'अ‍ॅम आय ब्लॅक इनफ'ने ज्याची घडी विस्कटली त्या माणसाने चार वर्षांनी हे गाऊन ठेवलं, म्हणून मला तो फार मोठा वाटतो. तेव्हा त्याला कोणी भाग पाडलं असेल असं ऐकताना क्षणभरही वाटत नाही.

सगळ्यात शेवटी 'वॉर ऑफ द गॉड्स' हा अल्बम. शीर्षकगीत लांब आहे, घाईत ऐकू नका. सुरुवातीला कुठे चाललंय ते कळत नाही, मग ताल लागतो आणि गाणं उठतं.

साधा_माणूस, तुमच्यासाठी त्याच अल्बममधलं 'आय वॉज मॅरिड' सुचवतो. मोडलेल्या लग्नाबद्दल आहे. आग्रहाने सुचवतो.

---

मांडवीकाठ | ३० एप्रिल, सकाळी ७:०५

काकांना हा धागा फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, 'लेट एम इन' आम्ही कधी वाजवलं नाही, हॉटेलात चालायचं नाही. पण 'थँक्स फॉर सेव्हिंग माय लाइफ' वाजवायचो, लग्नांत फार मागणी असायची. म्हणजे तबला_डग्गा म्हणतात ते बरोबर, आमच्याकडे तरी त्याची दोन गाणी हिट होती.

---

साधा_माणूस | ३० एप्रिल, सकाळी ११:२०

'आय वॉज मॅरिड' ऐकलं, सलग दोनदा. सौ.लाही ऐकवलं. काल रात्री माहितीपटाचा सापडला तेवढा भाग पाहिला. ब्लांशबाई त्याला हिशेबावरून झापतात ते फार आवडलं.

तबकडी, 'युअर साँग' मैफलीतलं ऐकावं की अल्बममधलं?

---

जुनी_तबकडी | ३० एप्रिल, दुपारी १२:०२

आधी अल्बममधलं. शेवटी तो शब्द सोडून नुसता आवाज खेळवतो, तिथे आवाज थोडा वाढवा.